पाठीवरचा ठेचा

सांगली, रविवार

प्रिय संयोगिता,

फोनवर मी तुला सांगत आलो की पाठीत उसण भरली होती, आता आराम आहे. त्यातला 'पाठीत' एवढाच शब्द खरा. मी दवाखान्यात आहे आणि येत्या बुधवारी मणक्याचं ऑपरेशन आहे. पत्र संपेपर्यंत फोन करायचा नाही, हा हुकूम समज. आपले शेजारी नानासो याचे फोटो काढून तुला हैदराबादला पाठवतील. त्यांनी वाचायचं नाही असं ठरलंय, पण वाचलंय असंच धर.

झालं ते आपल्या रहिमतपूरच्या यात्रेत. कुस्त्यांना मी पंच होतो. एक पैलवान धोबीपछाड चुकीची मारत होता, ते मला बघवेना. बासष्टाव्या वर्षी मातीत उतरून नव्वद किलोचा गडी मी खांद्यावरून टाकून दाखवला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटा बांधला, मी ताठ चालत घरी आलो. दुखलं म्हणशील तर काडीचं नाही. जेवण झालं, ताटावरून उठायला गेलो, तो उठलोच नाही.

नानासो म्हणाले, "सुभेदार, देव पावला म्हून मैदानात आडवं झाला न्हाईसा." मी म्हटलं, देव नव्हे, एन्केफालिन. मग तुझ्या संशोधनातलं, तू मला शिकवलेलं सगळं त्यांना सांगितलं. दुखण्याची खबर नसेतून कण्यातल्या चौकीवर येते. तिथं सबस्टन्स पी नावाचं रसायन ती पुढच्या पेशीला ओरडून सांगतं. धामधुमीत मात्र मेंदू वरून हुकूम सोडतो, त्याच चौकीत एन्केफालिन बाहेर पडतं आणि त्या पीचं तोंड दाबतं. नानासो मन लावून ऐकून म्हणाले, "मंग त्या पीची बदलीच करा की सियाचीनला."

पुढची चूक तुझ्यामुळं झाली. तूच म्हणालीस, मिरचीच्या अर्काचं मलम असतं, ते लावत राहिलं की नसांतला पीचा साठा संपत जातो. शत्रूची रसद तोडायची, एवढं मला चांगलं कळतं. मलमाची वाट कोण बघणार? स्वयंपाकाला येणाऱ्या रंगुबाईला मिरच्या वाटायला सांगितल्या. "लसूण घालू का वं आबा?" तिनं विचारलं. लसूण शास्त्रात बसत नाही म्हटलं, तरी सवयीनं तिनं मीठ टाकलंच. लेप लागला आणि पीची रसद संपली का ते ठाऊक नाही, माझी मात्र संपली. "झोंबतंय का?" तिनं विचारलं. मी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणालो, छे!

इथल्या डॉक्टरांना पाठीवरचे फोड बघून आधी भाजल्याचीच केस वाटली; ठेच्याचं ऐकून ते हसायला लागले. किती दुखतं, त्यांनी विचारलं. विशेष नाही, मी म्हणालो. मग त्यांनी माझ्या डाव्या पावलाला सुई टोचली, ती मला कळलीच नाही. ते हसायचे थांबले. पाय वाचवायचा तर उशीर नको, म्हणाले. घरचं कोण आहे असं विचारलं, तर मी नानासोंना पुढं केलं आणि सांगितलं की मुलीला रजा नाही. तुला विचारलं असतं तर तू आली असतीस, म्हणून विचारलंच नाही.

तुझी आई गेली तेव्हाही मी असंच केलं. चौथ्या दिवशी तुला पुण्याच्या एसटीत बसवलं आणि म्हणालो, मी ठणठणीत आहे, तू अभ्यास बघ. माझं बघून तू रडणं गिळलंस, आणि मला वाटलं मी मोठी कामगिरी केली. घरी आणि इथं मिळून आठ दिवस छताकडं बघत पडल्यावर आता कळतंय की त्या दिवशी मी तुला एकटं पाडलं. पोरी, मला तेव्हा फार दुखलं होतं. अजून दुखतं. पाठही दुखते, आणि बुधवारची भीती वाटते. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहिलं. रजा टाक. मिळाली नाही तर तशीच पळून ये. नोकरीत एक दिवस गैरहजर न राहिलेला माणूस हे सांगतोय.

तुझाच, घाबरलेला
आबा