वजन उचलायला हरकत नाही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आई ठीक आहे. बिघडलेय ती मी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, कारण डाव्या हातानं लिहितेय. रविवारी आईला बाथरूममधून आणताना तिचा पाय सटकला. काखेत हात घालून मी तिला वरच्या वर धरली. ती वाचली, पण माझ्या उजव्या खांद्यात कटकन काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू अर्धा फाटलाय. ऑपरेशन नको, पण वजन उचलायचं नाव काढायचं नाही. मी विचारलं, मग आईला खुंटीला टांगू का? ते हसले. मला काही हसू आलं नाही.

कारखान्यात माझं कटिंगचं टेबल दुसरीला दिलंय. कापडाच्या थप्प्या एका दमात कापणारी मी, आता एका हातानं बटणं निवडत बसते. मालक म्हणतात, हात बरा झाला की टेबल तुझंच. बघू.

आईला तू ओळखतेसच. पायांतलं बळ गेल्यापासून मदतीला ठेवलेल्या दोन बायका तिनं पळवून लावल्या. परक्या हातानं उठणार नाही म्हणते. तू दिवसभर जगाचे खांदे बरे करतेस, म्हणून सांगते, थोडे दिवस ये. तिला तू उचल, मी खांदा सांभाळते. फोन केला तर तू सदा पेशंटमध्ये, म्हणून हे पत्र. आणि लिहिताना एक लक्षात ठेव, तुझं पत्र आई मला मोठ्यानं वाचायला लावते.

कळावे, लोभ आहेच, तो पायांनी इकडे यावा.

तुझी
धाकटी

---

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. लगेच निघावंसं वाटलं, पण माझ्या हाताखालची मुलगी बाळंतपणाला गेलीय आणि क्लिनिक एकटीवर आहे. सध्या जमणार नाही गं. रागावू नकोस. मी सांगते तेवढं मात्र नीट कर.

आत्ता खांद्याला सूज आहे, ठणका आहे, गरम लागतंय. घाबरू नकोस, शरीर जखमेकडे धावून आलंय, साफसफाई चाललीय. बर्फ रुमालात गुंडाळून थोडा वेळ लाव, हात झोळीत ठेव. कुणाकडून चोळून घेऊ नकोस, शेकू नकोस. सूज ओसरली की आत नवे धागे यायला लागतील. तू कापडातली आहेस, तुला पटकन कळेल. ते आधी वेडेवाकडे पडतात, नुसता गुंता. हलका ताण मिळाला की एका दिशेनं लागतात. ताण जास्त झाला की उसवतात.

म्हणून स्पष्टच लिहिते. आईला जितक्या वेळा उचलशील तितक्या वेळा आत थोडं उसवेल. असं होत राहिलं तर हात कायमचा खांद्याच्या वर जाणार नाही. मग कटिंगचं टेबल विसरायचं. आईला समजावून सांग, ती शहाणी आहे.

तब्येतीला जप. माया दुरून असली तरी कमी नाही, हे ध्यानात असू दे.

ताई

---

१६ मार्च

चि. ताई हीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं आहे, बोलणं माझं. धाकटी कारखान्यात गेलीय. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. उसवण्याचा भाग ती गाळायला बघत होती, पण तिचा आवाज अडखळला की मला कळतं. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

बाई गं, माझ्यापायी पोरीचा हात जायला नको. मी युक्ती काढलीय. सकाळी ती मला एकदा उठवते, ते काही चुकत नाही. त्यानंतर मी पाणीच पीत नाही. पाणी नाही तर उठायचं कशाला? तिनं भरून ठेवलेला तांब्या मास्तरीणबाई खिडकीतल्या कुंडीत रिकामा करतात. आत्ताही लिहिता लिहिता त्या मला रागवताहेत. मी म्हटलं, तुम्हाला लिहायला बसवलंय, रागवायला नाही.

जीभ कोरडी पडते, डोकं धरतं, पण सवय होईल. धाकटीला सांगू नकोस, माझी शपथ आहे तुला. तुला यायला जमलं तर ये. तुझे हात घरचे आहेत. नाही जमलं तरी मी काही म्हणत नाही.

सुखी राहा, वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.

तुझी आई

---

२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

सूज गेली असेल तर आता हात हलवायला लाग. टेबलावर डावा हात टेकून वाक, उजवा नुसता लोंबकळू दे आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलव. ते जमलं की भिंतीसमोर उभी राहून बोटांनी भिंत चढायची. ओढ लागेपर्यंत जायचं, कळ येईपर्यंत नाही. दुखणं कमी झालं म्हणून फुशारून जाऊ नकोस. या टप्प्यात माणसाला बरं वाटतं, पण स्नायू अजून कच्चाच असतो. माझे निम्मे पेशंट इथेच फसतात.

आणि हो, उकाडा वाढलाय. आईला पाणी भरपूर देत जा. विसरू नकोस.

पुढच्या महिन्यात यायचं बघते. तोवर दोघींनी एकमेकींना सांभाळा आणि मला शिव्या जरा कमी द्या.

ताई

---

७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भिंतीनं मला वेड लावलंय. बोटं कुठवर गेली तिथे आई मला पेन्सिलीची रेघ मारायला लावते आणि खाटेवरून ओरडते, अजून वर, अजून वर. काल बोटं दिव्याच्या बटणापर्यंत पोचली, तर बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या!

खरं सांगू, तुझ्यावर मी भयंकर चिडले होते. बोलायला हिचं काय जातंय, असं मनात शंभरदा आलं. पण आईच इतकी शहाण्यासारखी वागतेय की राग ओसरला. सकाळी एकदा उठवलं की दिवसभर तक्रार नाही. मी विचारते, जायचंय का? मानेनंच नाही म्हणते. तुझं पाण्याचं वाक्य वाचलं तेव्हा तिनं रिकामा तांब्या उचलून दाखवला. खिडकीतलं झाड मात्र यंदा काय फोफावलंय म्हणून सांगू, नुसती पानंच पानं.

दोन दिवस तिचं अंग जरा कोमट लागतंय आणि बोलताना भरकटते. मला तुझ्या नावानं हाक मारते. मी ओ देते. म्हातारपण, दुसरं काय. तरी उद्या डॉक्टरांना बोलावते.

लोभ नेहमीसारखाच, वर थोडी उधारी.

तुझी
धाकटी

---

२० मे

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

आई गेल्यानंतर मी परत निघताना तू दारात आली नाहीस. तुझी मनःस्थिती समजते. मीही अजून सावरलेली नाही. कामात मन घालते, एवढंच.

हॉस्पिटलच्या त्या गडबडीतही मी तुझा खांदा तपासला होता. छान भरून आलाय. आता शेवटचा टप्पा, तो सगळ्यात लांबतो. नवे धागे पक्के व्हायला महिने लागतात आणि ते कामानंच पक्के होतात. आधी रबराचा पट्टा ओढ. मग छोट्या पिशवीत वाळू भरून उचल, हळूहळू वाळू वाढव. वजन उचलायला आता हरकत नाही. कुठे दुखलं तर तसं कळव.

आपण दोघीच उरलो आहोत. पत्राचं उत्तर दे, इतकी तरी जागा ठेव.

ताई

---

२ जून

ताईस,
नमस्कार.

कुंडीतलं झाड सुकलं. मी पाणी घालत होते, पण त्याला पूर्ण तांब्याची सवय होती. मास्तरीणबाई ते बघून रडायला लागल्या आणि सगळं सांगून बसल्या. आईनं तुला काय लिहिलं होतं तेही सांगितलं. अक्षर त्यांचंच होतं, शब्द न् शब्द पाठ आहे त्यांना. त्यांनाही मी खूप बोलले.

तू शपथ पाळलीस. शपथ मला न सांगण्याची होती. यायला तुला कुणी बंदी घातली होती? उकाडा वाढलाय म्हणून पाणी दे, म्हणे! एवढं लिहून तू मोकळी झालीस आणि मी मूर्ख, तेच वाक्य आईला ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं.

हॉस्पिटलात तू तिच्या कमरेला चादरीचा पट्टा बांधलास, गुडघ्याला गुडघा टेकवलास आणि तिला अलगद उभी केलीस. ना तुझ्या खांद्याला हिसका, ना तिला. नर्सबाई बघत राहिल्या. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी कोपऱ्यात उभी होते. हे मला शिकवायला तुला एक दिवस पुरला असता गं. एक दिवस.

हात म्हणशील तर कानाला लागून सरळ वर जातो. कटिंगचं टेबल परत मिळालं. तू छान बरा केलास, त्यात काही खोट नाही. भिंतीवरच्या रेघा अजून आहेत. सगळ्यात वरची आईनं पाहिलेली नाही.

काल सकाळी उठले आणि सवयीनं तिच्या खाटेशी वाकून, काखेत घालायला दोन्ही हात पुढे केले. तशीच वाकलेली राहिले थोडा वेळ.

दुखलं तर कळव म्हणालीस. खांद्यात कुठेच दुखत नाही.

लोभाचं या वेळी लिहवत नाही.

धाकटी