उलिंगची शिकवणी

सिबुनाग,
८ जानेवारी १९९६

चि. रोमुलो यास थोरल्या बहिणीचे, मानांग एस्त्रेयाचे अ. उ. आ.

तू आणून दिलेला कुत्रा, उलिंग, माझ्या डोक्याला ताप झाला आहे. आपले ताताय हल्ली माणसं विसरतात, पोटच्या पोरांनाही, हे तुला कळवलंच होतं. त्यात त्यांच्या पायाची जखम चिघळली. पट्टी करायला येणाऱ्या नर्स लुर्देसबाई काल अंगणातूनच परतल्या. उलिंगने त्यांचा झगा फाडला. कुत्रं असेतो पायरी चढणार नाही म्हणाल्या. शेजारी म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी. कसा देऊ? ताताय माझं नाव विसरले, पण त्याला हाक मारायला विसरत नाहीत. बांधून ठेवला तर दोघंही जेवत नाहीत.

काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी थोरली


सेबू,
१९ जानेवारी

ती. मानांगला शि. सा. न.

त्याच्यावर ओरडतेस ना? ओरडत असणारच, मलाही तसंच वाढवलंस! पाहुणा आला की बोलणी बसतात, म्हणजे पाहुणा वाईट, असं त्याला वाटतं. उलट कर. लुर्देसबाईंना लांब, फाटकापलीकडे उभं राहू दे. त्या दिसल्या की तो भुंकायच्या आत सुक्या मासळीचा तुकडा दे. त्या गेल्या की तुकडा बंद. तो आपणहून तुझ्याकडे बघू लागला की त्यांना जरा पुढे बोलाव, बिथरला तर मागे. त्यांनी डोळ्याला डोळा भिडवू नये, अंग तिरपं करून बसावं. तोवर तातायना तीनचाकीतून दवाखान्यात ने.

मी यायला हवं, कळतं गं. पण त्यांनी मलाच 'हा कोण' विचारलं तर? या भीतीने बोटीचं तिकीट काढत नाही.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिही.

तुझा रोमुलो


सिबुनाग,
२४ मार्च

चि. रोमुलो यास अ. उ. आ.

लुर्देसबाई आता ओसरीवर बसून पट्टी करतात आणि उलिंग तातायच्या मांडीवर तोंड ठेवून बघतो. मध्ये एकदा पुन्हा बाईंच्या अंगावर गेला. त्या रडल्या, मी चिडले, आणि आम्ही परत फाटकापासून सुरुवात केली. जखम भरत आली आहे.

परवा मात्र वेगळंच घडलं. मी दुपारी जेवण घेऊन गेले, तर ताताय दचकले. ही बाई कोण, घरात कशी शिरली, म्हणत त्यांनी काठी उगारली. पुढे गेले नाही. दारातच तिरपी बसले, खाली बघत. उलिंग उठला, माझ्याजवळ येऊन आडवा झाला. तातायनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग काठी ठेवून म्हणाले, हा गप्प आहे म्हणजे परकी नसशील. ये, जेवलीस का? आता तो कुणावरच भुंकत नाही, हे त्यांना कुठून सांगू!

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. नाव शेवटपर्यंत विचारलं नाही. आम्ही एकाच ताटात जेवलो.

तू तिकीट काढ. 'हा कोण' म्हणाले, तर दारात बस. मी आहे.

बाकी लोभ भेटीत.

तुझी थोरली