वासराचा चीक

आष्टी, पौष शुद्ध पंचमी, संध्याकाळ

तालुक्याच्या दवाखान्यानं मला गावोगाव पाठवलंय ते अशक्त बाळं जगावीत म्हणून, आणि आज हे बघितलं. आठव्या महिन्यात झालेलं एवढंसं पोर, कालपासून नुसत्या गुळाच्या पाण्याच्या बोळ्यावर. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध पिळून भुईवर टाकलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या.

सासू म्हणाली, "चीक हाय तो बाई, जहर! पोराला पाजायचा न्हाई."

दारातच त्यांची नुकतीच व्यालेली गाय. मी विचारलं, "मावशी, वासराला चीक पाजला का?"

म्हातारी माझ्यावरच खेकसली. "मंग? जल्दी न्हाई पाजला तर जगंल का ते?"

मी भुईकडं बोट दाखवलं. त्या मुंग्या! सून मात्र वासराकडं बघत राह्यली, आणि एकदम बोळा फेकून तिनं पोराला पदराखाली घेतलं. पण ओढायला पोरात जोरच उरला नव्हता. मंग तिचंच दूध वाटीत काढून चमच्यानं थेंब थेंब पाजलं. थोडं आत गेलं, बरंचसं ओठावरून ओघळलं.

डोळे मिटले की त्या मुंग्याच दिसतात. जगंल का ते?