टीचरच्या फाटकातला ओटा

अहो,

आयुष्यभर तुम्हाला नावाने हाक मारली नाही, मग पत्रात तरी कशाला मारू? तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी तुम्हाला पुष्कळ बोलले. कालपासून मात्र बोलायला तोंड उरलं नाही, म्हणून लिहिते आहे. काल परतीच्या पावसात मी तुमच्याच वाटेवर, तुमच्याच जागी सापडले.

तुमची गिऱ्हाइकं मी सोडलेली नाहीत. दुपारी होड्या आल्या की मालवणच्या बंदरावर मासळी घेते, पेटीत बर्फ घालते आणि स्कूटरवरून वरच्या गावांत फिरते. हसू नका. तुमच्यापेक्षा बरी चालवते. निदान वळणावर फोन कानाला लावत नाही.

आपली मनू मोठी झाली. पण गडगडलं की अजून दारात येऊन उभी राहते, आणि मी घरी येईपर्यंत आत जात नाही. तिला काय सांगायचं, तुम्हीच सांगा!

तुम्ही नेहमी म्हणायचात, "गाडयेक रबराची चाका आसत गो, वीज काय करतली?" आणि दुसरं, वरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर, गावच्या राखणदार देवाच्या वडाखाली कुणाचं वाईट होत नाही. चाकांचा विजेला काही अडसर नसतो आणि उंच झाडावर ती आधी पडते, हे डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा ऐकायला तुम्ही नव्हता.

पण माझा खरा राग वडावर नव्हता. सड्याच्या अलीकडे फिलोमिना टीचरचं घर आहे. शाळेतून निवृत्त झालेली एकटी बाई. वडाखाली तुमच्यावर वीज पडली त्या दिवशी, त्याआधी तिने फाटकात येऊन तुम्हाला हाक मारली होती. आणि तुम्ही काय म्हणालात? "टीचर, पेटयेचा पाणी गळता. तुमची पडवी वासान भरतली. फुडे वडाकडे थांबतंय." बाराव्याला आली तेव्हा हे सांगताना ती रडली. मी रडले नाही. मला संताप आला होता. बाजारात एका बांगड्यासाठी गिऱ्हाइकाशी तासभर भांडणारा माणूस, आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा त्याला वासाची लाज वाटली? भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमच्या भिडेने तर आमच्या घरातलं माणूसच नेलं.

त्यानंतर त्या घरावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायची. काल वळवता आली नाही. सड्यावर काळोख दाटला होता, पहिला गडगडाट झाला आणि समोर तुमचा वड दिसला. टीचर फाटकातच उभी होती.

खरं सांगू? गाडी थांबवली, पण आत जायला माझा पाय उचलेना. पेटीतून पाणी ठिबकत होतं. कपड्यांना बांगड्यांचा वास, आणि आत तिची ती लाल, लखलखीत जमीन. "नको टीचर, मी फुडे..." हे शब्द माझ्याही ओठांवर आले होते. दोन वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या, आणि तिथे मीही तुमच्यासारखीच!

"खंय चल्लंस? गाडी थंयच लाव," टीचर म्हणाली, "आणि पेटी त्या ओट्यार ठेव."

फाटकाच्या आत, भिंतीला लागून, सिमेंटचा एक ओटा होता. गुडघ्याइतका उंच, वर गोणपाट, आणि पाणी वाहून जायला बाजूला पन्हळ.

"ह्यो ओटो कसलो, टीचर?"

"मासळीवाल्यांच्या पेटयांचो. तुझो घोव गेलो त्याच्या फुडल्या म्हयन्यात बांधून घेतलंय. आता कोण माका वासाचा निमित्त सांगूचो नाय."

मी पेटी ठेवली आणि आत गेले. माझ्यामागून भाड्याच्या बाइकवरचे दोन पर्यटकही आले. टीचरने आम्हाला खिडकीपासून लांब बसवलं आणि नळाला हात लावू दिला नाही. मी आपली जमिनीवर बसत होते, तर तिने दंडाला धरून सोफ्यावर बसवलं. "वास धुतलो की जाता गो," म्हणाली. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. बाहेर सड्यावर कुठेतरी वीज पडली आणि कौलं थरथरली.

गडगडाट थांबला तसे ते दोघे उठले. "बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास," टीचर म्हणाली. ते हसले. मग तिने वर्गात बघावं तसं बघितलं आणि दोघेही गुपचूप बसले.

बर्फ विरघळला, अर्धे बांगडे नरम पडले. टीचरच्या मांजराची चैन झाली. उरलेले स्वस्तात काढले. आज बंदरावर सगळ्या गाडीवाल्यांना ओट्याचं सांगितलं. एकजण म्हणाला, "आमी त्यांच्या घरात कशे शिरतलव?" त्याला म्हटलं, आधी ओटा बघून ये आणि मग बोल.

एकच रुखरुख आहे. तो ओटा तुमच्यासाठी होता आणि तुम्हाला मिळाला नाही. पण तुमच्यावर आता राग नाही. त्या फाटकात उभं राहिल्यावर कळलं, तुम्ही बेफिकीर नव्हता, फक्त भिडस्त होता.

काल घरी पोचले तर मनू दारातच. मला हात लावून बघत म्हणाली, "आये, एवढो पावस पडलो, आणि तू सुकी कशी?"

तुम्हाला वचन देते. बर्फ विरघळो, मासळी जावो, गडगडलं की माझी पेटी त्या ओट्यावर असेल. मनूच्या दारात मी सुकीच येईन.

तुमची,
मनूची आई