साडेसहा ते सात

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

हिंगण्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये उभ्या-उभ्या भोवळ आली. शेजारच्या टेबलावरच्या मारोतरावांनी धरलं म्हणून डोकं वाचलं. गाडीनं थेट धंतोलीचा दवाखाना. डॉक्टरनं पट्टा आवळून रक्तदाब पाहिला. "दिवसभरात निवांत कधी बसता?" आठवेना! "रोज अर्धा तास काही न करता बसा. दीड महिन्यानं दाखवा. नाहीतर पुढच्या वेळी चालत येणार नाही."

मी छत्तीस वर्षांचा आहे.

७ फेब्रुवारी

काही न करता बसायचं म्हणजे करायचं काय? विहारात भंतेजींना विचारलं. "श्वास येतो, जातो. पाहत राहा." एवढंच? एवढंच.

८ फेब्रुवारी

घरात जाहीर केलं — संध्याकाळी साडेसहा ते सात मी बसणार. रेडिओ बंद. पोट्टे मैदानावर. भांड्यांचा आवाज नको. कोणी कोणाला हाक मारायची नाही, काही मागायचं नाही. माय बाजेवरून म्हणाली, "अन् मले पानी लागलं तं?" तिला साडेसहाच्या आत पिऊन घ्यायला सांगितलं. प्रेमिलानं फक्त वेळ पुन्हा विचारून घेतली. बायको समजूतदार आहे, हे एक बरं.

९ फेब्रुवारी

सात श्वास मोजले. मग झोप लागली.

१४ फेब्रुवारी

जमतंय! घर इतकं शांत की शेजारच्या रंभाबाईंचं सूप वाजतं तेही ऐकू येतं. आज बसमध्ये मारोतरावांना रस्ताभर समजावलं — श्वास, मन, वगैरे. ते खिडकीकडे तोंड करून झोपले. लोकांना शांततेची किंमत नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

प्रेमिलाला म्हटलं, तूही बसत जा. पहाटे पाचला नळ, मग डबे, मायचं अंग पुसणं, दुपारभर शिवणाची मशीन — माणसानं कुठंतरी थांबायला हवं. "वेळ मिळत नसतो, काढावा लागतो."

ती कणीक मळत होती. "हो," म्हणाली. "जरा सरका, पोळपाट घ्याचा हाय."

२७ फेब्रुवारी

आज घोळ झाला.

बसल्या-बसल्या ठसका लागला. थांबेना. नियम माझाच, तरी हाक मारली — "प्रेमिला!" उत्तर नाही. पुन्हा मारली.

माय म्हणाली, "ते कुठची घरात! तू डोये मिटले का ते जाते."

"कुठं?"

"मले काय मालूम. रोजच जाते."

रोज!

अनवाणीच बाहेर पडलो. मनात काय काय आलं ते इथंही लिहिणार नाही. रंभाबाईंच्या फाटकातून दिसलं. कडुनिंबाखाली बाज. बाजेवर प्रेमिला, उताणी, पाय वर करून भिंतीला टेकवलेले. डोळे उघडे, आभाळाकडे. बोलणं नाही, शिवण नाही. हातात काहीच नाही! लग्नाला बारा वर्षं झाली. तिचे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

रंभाबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. "काय गा आनंदराव, आज लवकर आटोपलं का ध्यान?"

प्रेमिला ताडकन उठली. पदर सावरला, पायानं चपला चाचपल्या. चोरी पकडल्यासारखी. "चहा ठेवते," म्हणाली आणि माझ्या पुढून निघाली.

घरी विचारलं, सांगितलं काहून नाही?

"तेवढ्याच वेळात मले कोणी हाक मारत नाही. सांगतलं असतं तं तुम्ही मले शिकवाले बसले असते."

खरं आहे. बसलोच असतो.

१ मार्च

दोन दिवस ती गेली नाही. स्टोव्हपाशी बसून अजिबात आवाज न करता भांडी पुसते. तो न होणारा आवाज माझ्या कानात! श्वासाचा पत्ता नाही.

४ मार्च

म्हटलं, "जा ना."

"कुठं?"

"रंभाबाईकडे."

"काय काम हाय तिथं?"

"काहीच नाही. म्हणूनच."

संशयानं पाहत राहिली. मी डोळे मिटले, एक किलकिला ठेवला. दहा मिनिटांनी दाराची कडी वाजली. अगदी हळू.

९ मार्च

मायनं पाणी मागितलं. उठून दिलं. मग दूध उतू जायला आलं, ते उतरवलं. मग धाकटा गुडघा फोडून आला. त्याला म्हटलं, ओरडू नको, आई कामात आहे. जखम धुतली, हळद लावली.

आज एकही श्वास पाहायला मिळाला नाही.

२० मार्च

धंतोलीला जाऊन आलो. डॉक्टरनं दोनदा पट्टा आवळला. म्हणाले, "उत्तम! आता नाही बसलात तरी चालेल."

घरी सांगितलं — जन्मभर बसावं लागणार.