श्वास सोडून घेतलेलं माप

बोटीवरून, ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा ढब्बू अजून बुडालेला नाही. काम काय ते विचारलंस म्हणून सांगतो. पाण्यात आवाज सोडायचा आणि देवमासा त्यातला किती परत पाठवतो ते मोजायचं. प्रतिध्वनी जोरदार आला, तर जहाजांना देवमासा यंत्रावर लांबूनच कळेल आणि या पट्ट्यातली वेगाची मर्यादा उठवता येईल. जहाजवाल्यांना तेच हवं आहे, आणि आमच्या साहेबांना नेहमी जहाजवाल्यांना हवं तेच सापडतं. साहेब दुर्बीण उलटी धरतात, पण नाकाने कांदे सोलणं काही थांबत नाही.

एक मादी रोज दिसते. शेपटीचा त्रिकोणी तुकडा गेलेला, म्हणून तिचं नाव कातरी. सोबत पिल्लू असतं. दोघांचे आकडे झकास आलेत. अहवालावर सही करून टाकीन म्हणतो, उगाच वाद कशाला?

तुझ्या लोभाचा जुना हक्कदार,
ढब्बू


दुकानातून, ता. १४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

'उगाच वाद कशाला' हे तू पाळण्यात शिकलास आणि पुढे काही शिकलाच नाहीस. सहीसुद्धा तशीच, शाईत पडलेलं झुरळ कागदावरून पळाल्यासारखी. उद्या कुणी जाब विचारला तर माझी नव्हेच म्हणायची सोय.

मला तुमचं यंत्र कळत नाही, माप कळतं. तीस वर्षं लोकांच्या कमरेला टेप लावते आहे. टेप लावली की जो तो श्वास ओढून पोट आत घेतो. नवखी होते तेव्हा एका बँक मॅनेजरचं तसलंच माप लिहून घेतलं. नवी पँट घालून ते खुर्चीत बसले आणि मागची शिवण टर्रकन उसवली. तेव्हापासून आधी गप्पा मारते, मग माप घेते. तुमच्या देवमाशाने माप देताना श्वास भरलेला होता की सोडलेला? की इतक्या शिकलेल्या लोकांत हे विचारायचं एकालाही सुचलं नाही?

आई बरी आहे. शेजारणीवर रुसली आहे, कारण विचारायची माझी छाती नाही.

रागावले तरी माया उणी नाही,
ताई


बोटीवरून, ता. २९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी सही करून बसलो होतो. वाचून कानफटात बसल्यासारखं झालं. आवाज परतवते ती मुख्यतः देवमाशाच्या छातीतली हवा. आम्ही सगळी मापं पाण्याच्या वरच्या थरात घेतली, त्याने नुकताच श्वास भरलेला असताना. खोल गेला की पाण्याच्या दाबाने तीच हवा चिमूटभर होते. दुसऱ्या दिवशी कातरी खोल गेली तेव्हा मी यंत्र चालूच ठेवलं. पडद्यावर ती पुसट होत गेली, आणि पिल्लू तर दिसेनासंच झालं. तिथून ती वर येत असताना जहाज भरधाव आलं तर? ताई, मी घाबरलो.

साहेबांनी ते आकडे 'खराब नोंद' म्हणून बाद केले. वर विचारलं, हे शहाणपण कुठल्या शिंप्याच्या दुकानातून आणलंस? मी म्हटलं, बहिणीच्या. मग सही मागे घेतल्याचं पत्र वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या समितीला पाठवलं, वरचे आणि खोलातले दोन्ही आकडे जोडून. प्रत सोबत आहे. पुढच्या बंदरात मला उतरवणार आहेत, कायमचं.

आईला इतक्यात कळवू नकोस. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ढब्बू


दुकानातून, ता. ११ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. समितीने खोल पाण्यातली मापं नव्याने घ्यायला सांगितली आहेत, तोवर वेगाची मर्यादा कायम. तुझ्या साहेबांचा फोटोही आहे. श्वास ओढून पोट आत घेतलं आहे.

आधी सही करून मग शहाणा होणाऱ्याचं मी कौतुक करणार नाही. आईला मात्र सगळं सांगितलं. तिने प्रत मागितली. खाली तुझं सबंध नाव, एकेक अक्षर सुटं, आईने चष्म्याशिवाय वाचलं. मग बराच वेळ कागद हातातून सोडला नाही. मलाही रडू आलं, आणि हे कुणाला सांगितलंस तर याद राख.

आता गुमान घरी ये. तुझ्यासाठी पँट बेतायला घेतली आहे, कमरेचा आकडा तेवढा कळव. माया आहे तशीच आहे. माप श्वास सोडून घे.

ताई