ताऱ्याची उशी, नाव सुनंदाचं

५ जाने., सोमवार
ठरलं. तुकडे जोडून केलेल्या ताऱ्याची उशी मी शिवायची आणि नाव बायकोचं लावायचं. बचत गटाच्या बैठकीतून सु. हाच निरोप घेऊन आली. मुंबईच्या प्रदर्शनाला प्रत्येक गटाची एकच वस्तू जाणार, शेजारी करणारीचं नाव आणि फोटो. करणारीचं. गटाच्या अध्यक्ष जाधवबाई तिला म्हणाल्या म्हणे, "भाऊजींचा हात सुंदरच आहे गं, पण पुरुषाचं नाव आपल्या गटात कसं टाकायचं? तुझं टाकू. घरातलंच आहे की."
घरातलंच. कंपनी बंद पडल्यावर जुन्या गोधड्या उसवून उसवून शिकलो. कुणी शिकवलं नाही. टूलरूममध्येही कुणी शिकवलं नव्हतं, साहेबांच्या मागं उभा राहून बघत बघत शिकलो. आणि आता नावाला जागा नाही.
तरी करणार. आणि केली तर वाईट करणार नाही. सु.ला सांगितलं, सामान मी म्हणेन तेच येईल. "बरं बाई," म्हणाली. मला बाई म्हणते, मग गटात घ्यायला काय हरकत होती?

८ जाने., गुरुवार
गुलमंडी. कापड. लाल, मोहरीचा पिवळा, पांढरं. तिसऱ्या दुकानात मिळालं. पहिल्या दोघांनी सुती म्हणून मिश्र दाखवलं. काडेपेटी बरोबर नेली होती. दोरा ओढून जाळला तर सुतीसारखी राख नाही, प्लास्टिकसारखी गोळी. त्यातला दुसरा म्हणतो, "काका, उशीच शिवायची ना? तुम्ही तर शालू घेतल्यासारखं करायला लागले!" उठून आलो.
सु. म्हणते, जुन्या साड्या का नाय? गोधडी तर तशीच होते. होते, पण झिजलेलं कापड तिरकं कापलं की ताणतं. ताऱ्याच्या मध्यावर आठ टोकं एकत्र येतात. एक जरी ताणलं तरी तिथं भोक पडतं नाहीतर फुगवटा येतो. तिला समजावून सांगितलं. ऐकलं की नाही कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होती.

११ जाने., रविवार
चिकलठाणा. जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये साचा केला. ॲल्युमिनियमचा पत्रा, पंचेचाळीस अंशाचा शंकरपाळा, चारी बाजूंनी शिलाईला पाव इंच. पुठ्ठ्याचा साचा चालतो म्हणतात. चालतो, ज्याला चालवून घ्यायचं त्याला. पुठ्ठ्याची कड आखता आखता दबते, शेवटचा शंकरपाळा पहिल्याएवढा राहत नाही. कानशीनं कडा घासल्या, बोट फिरवून पाहिलं. बरोबर.
"फरशीचं डिझाईन का?" सोबत्यानं विचारलं. हो म्हणालो. येताना आमच्या बंद कंपनीच्या गेटवरून आलो. आत आता कुणाचं तरी गोदाम. त्याचं काही वाटलं नाही. 'हो' म्हणालो त्याचं वाटलं.

१३ जाने., मंगळवार. भोगी.
शहागंज. चांदभाई पिंजारी. ताऱ्याच्या खाली कापसाचा पातळ थर हवा, त्यातूनच वरची टीप जाणार. दुकानातला तो फुगीर फायबर नको, शिवला की मेलेल्या सशासारखा दिसतो.
"इत्ता पतला? नक्को भाई, रुई फट जाती."
दोन मलमलींच्या मधे घालून द्या म्हटलं.
"हौ, वैसा हो सकता. पन तकिया किसका है? पोते का?"
प्रदर्शनाचा, म्हटलं.
"कौन बनारा?"
तिथं सांगितलं. मी. चांदभाई हसले नाहीत. "अच्छा है. हात चलते रैना," म्हणाले. नवीन वर्षात कानावर आलेलं एवढंच बरं वाक्य. दोन दिवसांनी या म्हणाले.

१५ जाने., गुरुवार
कापूस आणला. उजेडात धरून पाहिला, कुठं गाठ नाही. मानलं.
कापड भिजवून काढलं. लाल वेगळ्या बादलीत. रंग सुटला, सुटणारच होता, म्हणून तर आधी भिजवायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदललं. सावलीत वाळवून दमट असतानाच इस्त्री.
सुई ढकलायला बोटात घालायचं अंगुस्तान हवं होतं. पैठण गेटच्या शिलाईसामानाच्या दुकानात सगळी बायकांच्या बोटाची. मधल्या बोटात एकही जाईना. पोरगी म्हणते, "वहिनींनाच पाठवा ना काका, बोटात घालून बघतील." शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडून त्याचं जुनं मागून आणलं. चेपलेलं आहे, पण बसतं.

१७ जाने., शनिवार
काल घरी हळदीकुंकू. गटाच्या सगळ्या आल्या. मी टाकीजवळच्या कट्ट्यावर. परत आलो तर माझी कापडाची कात्री स्वयंपाकघरात. तिळगुळाचं प्लास्टिक कापलं होतं त्या कात्रीनं! कुणी, ते कुणालाच माहीत नाही. सु. म्हणाली, "कात्रीच हाय ती, बंदूक नव्हं." सकाळी धारवाल्याकडं नेली.
इस्त्री करून ठेवलेलं कापड, साचा, कागदावरचा तारा, सगळं त्यांनी बघितलं म्हणे. "मग काय म्हणाल्या?" मी विचारलं. "चांगलं म्हणाल्या," एवढंच. वाण म्हणून आलेल्या प्लास्टिकच्या डब्या एकात एक बसवत होती.

१८ जाने., रविवार. अमावस्या.
सगळं जमलं. कात्रीला धार, पेन्सिलीला टोक. आज कापायला बसणार होतो. सु.नं हात धरला. "आज अवस. नव्या कापडाला कात्री लावायची नाय." आमच्या आईचंही हेच होतं. मी मानत नाही. पण शुभकाम म्हणून थांबलो.
थांबायला नको होतं.

१९ जाने., सोमवार
सकाळी चहा देऊन समोर बसली. ती समोर बसत नाही कधी.
"अहो, उशी मी शिवणार."
थट्टा वाटली.
"हळदीकुंकवाला सगळ्या म्हणत होत्या, सुनंदा, काय हात हाय गं तुझा. कागदावरचा तारा बघूनच. मी मान खाली घालून बसले. मुंबईत फोटोखाली उभी राहून अशी मान खाली घालायला मला नाय जमायचं. नाव माझं तर शिवण माझी."
"आणि मी?"
"तुमचं सामान हाय की."
मी म्हणालो, तुझी टीप सरळ जात नाही. ब्लाउजात चालतं, आत दडून जातं. ताऱ्यात दडत नाही.
"नसंल सरळ. माझी असंल."
"मग जुन्या साड्यांची कर! हे कापड मी जाळून बघून आणलंय."
"ते कापड गटाच्या उशीसाठी आणलंय," म्हणाली आणि कप उचलून गेली.

२० जाने., मंगळवार
बोललो नाही. ती बोलली. भाजी काय करू, गॅसचा नंबर लागला का. जणू काही झालंच नाही.
खोटं बोलायचं नाही म्हणते, यावर काय बोलणार? खोटं बोलली असती तर भांडलो असतो. जाधवबाईंनी खोटं सुचवलं, मी कबूल केलं, आणि हिनं नाकारलं. कबूल करताना मला कमी लाज वाटली नव्हती. पण निदान तारा तरी माझा झाला असता. कुणाला कळो न कळो, टोकं जुळलेली मला दिसली असती. आता तेही...
साचा कपाटावर ठेवला. तिचा हात पोचत नाही तिथं.

२१ जाने., बुधवार
स्टूल घेऊन साचा काढला तिनं. मी बघत होतो.

२२ जाने., गुरुवार
दुपारी तिनं शंकरपाळे कापले. खडूनं आखले. खडूची रेघ जाड, तिच्या बाहेरून कापलं की माप वाढतं, आतून कापलं की घटतं. पेन्सिल शेजारीच होती. ती कुठून कापते ते मान वळवून बघितलं नाही. बाहेरच्या खोलीत हे लिहीत बसलो. कात्रीच्या आवाजावरून कळत होतं, थांबून थांबून चाललीय. घाबरलीय.
मग मशीनचं झाकण काढल्याचा आवाज. मशीन काही सुरू झालं नाही.
आता दारात येऊन उभी आहे. एक लाल, एक पिवळा, दोन्ही शंकरपाळे टोकाला टोक लावून चिमटीत धरलेत.
"अहो, एकेक जोडत गोल जायचं, का आधी जोड्या लावायच्या?"
आधी जोड्या. दोन-दोन, मग चार-चार, मग मधली एकच लांब शिलाई. एकेक जोडत गोल गेलं तर शेवटचा बसतच नाही. हे कळायला मला किती वेळा उसवावं लागलं. विचारायला कुणी नव्हतं.
"सांगता का? का करू सुरू माझ्या मनानं?"
मान पुन्हा वहीत घातलीय. लिहितोय. ती अजून उभी आहे.